मागितलं तर?

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांइतकी परदेशी माणसं या देशात आणणारा, आणि स्वतः एकदाही देशाबाहेर न गेलेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. हे विधान मी मोजून केलेलं नाही आणि न मोजता विधानं करायची मला सवय नाही. पण त्यांच्याकडे साधा पासपोर्टसुद्धा नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. एकदा मी विचारलं होतं, का नाही काढला? ते म्हणाले, "काढून करू काय? कुठल्याही देशाच्या फॉर्मात पहिला रकाना येण्याच्या उद्देशाचा. माझा उद्देशच नाही, तर लिहू काय राव?"

ते एका विद्यापीठात आहेत, पण शिकवत नाहीत. बाहेरच्या देशांतून तिथे जे विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापक येतात त्यांच्या व्हिशाची कागदपत्रं ते बघतात. मी न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे कंटेनरांची कागदपत्रं बघतो. म्हणजे मी माल सोडवतो आणि ते माणसं. माझा माल सहसा चार-पाच दिवसांत सुटतो, त्यांच्या माणसांना चार-पाच महिने लागतात, आणि माल फोन करून रडत नाही, हा एवढाच फरक आम्ही सतरा वर्षांच्या शेजारात काढू शकलो. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नाही. "समोरचे आलेत" असंच म्हणतात. आता मलाही ते नावानं आठवत नाहीत, समोरचे म्हणूनच आठवतात.

समोरच्यांचं म्हणणं असं, की जगात पाच प्रकारची माणसं असतात. शिकायला येणारा, शिकवायला येणारा, शोधायला येणारा, सभेत बोलायला येणारा आणि नुसता बघायला येणारा. पाच जणांना पाच दारं, आणि एकाच्या दारातून दुसरा आत आला की पुढचं सगळं खोटं. ही वर्गवारी ते ऑफिसात ठेवून घरी येत नसत. त्यांचे मेव्हणे साताऱ्याहून दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि तेराव्या दिवशीही बाल्कनीत पेपर वाचत बसलेले दिसले, तेव्हा समोरचे अतिशय प्रेमाने त्यांना म्हणाले, "दाजी, मुदतवाढ पाहिजे असली तर मुदत संपायच्या आधी सांगायचं असतं. आता उशीर झाला." दाजींनी त्याच दुपारी पिशवी भरली. वहिनी चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाल्या, "उद्या यमराज दारात उभा राहिला ना, तर हे त्यालाही विचारतील, एकदाच येणार का पुन्हापुन्हा येणार."

मी बेल वाजवली तरी हाच प्रकार. दार अर्धंच उघडायचं, चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "उद्देश?" मी म्हणायचो, "साखर." मग दार पूर्ण उघडायचं. सतरा वर्षांत हा विनोद किती वेळा झाला असेल याचा मी अंदाज केला आहे, पण तो इथे देत नाही, कारण दर वेळी आम्ही दोघेही हसलो होतो यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला, तर घरवाल्याने चोवीस तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून तसं कळवायचं असतं. हे आपल्यापैकी कुणाला माहीत नसतं. आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मुलगा जर्मन बायको घेऊन पहिल्यांदा घरी आला, तेव्हा सासूने दारात ओवाळायचं तबक धरलं होतं आणि तिच्या मागे समोरचे एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात त्या फॉर्मचा कोरा प्रिंट घेऊन उभे होते. नव्या सुनेला त्यांनी आधी पेढा दिला, मग पासपोर्ट मागितला. ती पोरगी बिचारी हसली. सासू अजून हसलेली नाही.

त्यांच्या बॅगेत एक पांढरी चादर कायम घडी करून असायची. व्हिशाचा फोटो चौकोनी लागतो, मागे पांढरं लागतं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि चेहरा समोरून पूर्ण दिसायला हवा. कुठल्या संशोधकाचा फोटो परत आला, की समोरचे त्याला भिंतीपुढे उभा करून, मागे चादर धरायला शिपायाला सांगून, स्वतः फोटो काढायचे. त्यामुळे त्यांना कुठलाही चेहरा साधा दिसतच नसे. माझ्या पुतणीच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी आहेराचं पाकीट दिलं आणि नवरीला हळूच सांगितलं, "बाळ, केस मागे घे. कान दिसत नाहीत."

पण त्यांचा खरा स्वभाव चादरीत नव्हता, दोन शब्दांत होता: "मागितलं तर?" यादीत पाच कागद मागितले असले की समोरचे अकरा जोडायचे. कुणी विचारलं, एवढे कशाला, तर म्हणायचे, "आज मागितलं नाही. उद्या मागितलं तर?" यामागे एक जुनं दुखणं होतं. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी विद्यापीठाने एका पाहुण्या प्राध्यापकाला घाईत पर्यटक म्हणून बोलावलं. त्याने आठवडाभर शिकवलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तर त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं. त्या माणसाचं शेवटचं पत्र समोरच्यांनी मला दाखवलं आहे. त्यात राग नव्हता. "मला कुणी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो," एवढंच होतं. तेव्हापासून ते एक कागद जास्त जोडू लागले, मग दोन, मग सहा.

आता मूळ गोष्ट सांगतो.

केनियाच्या किनाऱ्यावरून एका बाईंचा अर्ज आला. वय पंचेचाळीसच्या आसपास, वडील मासेमारी करणारे, आणि त्यांचा अभ्यास खाडीत हाताने विणलेल्या जाळ्यांचा. त्यांना आठ महिने इथे राहून करावे गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडून शिकायचं होतं. बाबांचं वय घरच्यांच्या हिशोबाने सत्त्याऐंशी. जाळ्याची एक जुनी गाठ घालणारे गावात ते एकटेच उरले होते. बाई त्यासाठी दोन वर्षं ऑनलाइन मराठी शिकल्या होत्या.

विद्यापीठाचे रजिस्ट्रार समोरच्यांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात आपला परिसंवाद आहे ना? त्याच्या नावावर बोलवा त्यांना. लवकर होईल. नंतर बघू."

"सर, परिसंवाद दोन दिवसांचा आहे. बाईंना आठ महिने पाहिजेत. आणि 'नंतर बघू' नावाचा व्हिसा नाही."

रजिस्ट्रार म्हणाले, "तुम्ही फार सरळ आहात हो." ते कौतुक नव्हतं.

समोरच्यांनी बाईंना संशोधनाचा अर्ज करायला लावला. त्याला वरून मंजुरी लागते, वेळ लागतो, पण दार बरोबर. मग ते स्वतः करावेला गेले, बाबांना भेटले, त्यांचं संमतिपत्र घेतलं आणि पांढरी चादर मागे धरून त्यांचा फोटोही काढला. कुणी मागितला नव्हता. शेवटी एक नकाशा जोडावा असं त्यांच्या मनात आलं, कारण काम नेमकं कुठे होणार हे कुणी विचारलं तर? एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "तुम्ही बंदरातले. करावेच्या खाडीपासून तुमचं बंदर पाण्याने किती लांब, ते सांगा. नकाशावर टाकतो." असं काम मला आवडतं. मी दोन संध्याकाळी बसून अंतर काढलं, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि खाडीकडून बंदराकडे जाणारा बाण स्वतःच्या हाताने काढून दिला.

मंजुरी देणाऱ्या वरच्या कार्यालयाला शंका आली ती त्या बाणावर. बंदराजवळच्या पाण्यात परदेशी व्यक्तीचं काम आहे, असं नकाशावरून दिसतं, तरी खुलासा करावा. खुलासा केला. मग खुलाशावर एक खुलासा गेला. बाई कुठल्या होडीत बसणार नव्हत्या. अंगणात बसून गाठ शिकणार होत्या. पण हे सगळं कागदावर यायला चौऱ्याहत्तर दिवस गेले.

अर्ज वर गेल्यापासूनच समोरच्यांनी एक गोष्ट चालवली होती, जी कुणी सांगितली नव्हती. बाईंची प्रश्नावली मागवून ते दर रविवारी करावेला जायला लागले. दोनदा मीही गेलो. बाबा ओट्यावर, समोरचे खुर्चीवर, मांडीवर फाइल. प्रश्न वाचायचा, उत्तर रकान्यात लिहायचं.

"बाबा, प्रश्न नऊ. खाडीत पाणी कधी येतं, कधी जातं?"

"येतं दिसातनं दोनदा नि जातं दोनदा. खारीला कोन विजा देतं?"

समोरच्यांनी लिहिलं: भरती, प्रवेश अनेक वेळा, रोज दोन.

बाबांची सून आतून चहा घेऊन आली. म्हणाली, "काका, तुमी यांना एवरं इचारताव, पन यांनी काल दवा घेतली का त्ये कोन इचारनार?"

"लिहितो," समोरचे म्हणाले, आणि खरंच समासात लिहिलं.

बाबांनी चिखलातली निवटी मासळी कुठे सापडते ते सांगितलं, उधाणाच्या मोठ्या भरतीला जाळं कुठे लावायचं आणि भांगाच्या कमी पाण्याला का लावायचं नाही ते सांगितलं. फक्त गाठीचा प्रश्न आला की ते मान हलवायचे. समोरच्यांनी मोबाइल काढला. "तुम्ही घाला बाबा, मी व्हिडिओ काढतो."

"त्याच्यात बोटां दिसतील. जोर दिसाचा नाय," बाबा म्हणाले. "ती बाय येउदे. तिचा हात धरून दाखवीन. कवा येनार हाय ती?"

"येणार. थोडं राहिलंय."

सतरा रविवार ते हेच उत्तर देत होते. चौथ्या-पाचव्या रविवारनंतर घरी आल्यावरही त्यांचा आवाज खालीच असायचा, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

बाबा एका मंगळवारी गेले. बाई एकोणीस दिवसांनी आल्या.

समोरचे त्यांना घेऊन करावेला गेले तेव्हा मी बरोबर होतो. घरात बाबांचा दुसरा कुठला धड फोटो नव्हता, म्हणून समोरच्यांनी काढलेलाच मोठा करून हार घातला होता. चौकोनी. मागे पांढरं. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान स्पष्ट. सासरा गावाला जायला निघाल्यासारखा दिसतो, असं सून म्हणाली. बाई फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग शिकलेल्या मराठीत सावकाश म्हणाल्या, "मी उशिरा आले."

"नाही मॅडम," समोरचे म्हणाले. "उशीर तुमचा नाही."

त्यांनी फाइल बाईंच्या हातात दिली. सतरा रविवारांची सतरा पानं, रकाने आखलेले, अक्षर सुबक. गाठीच्या रकान्यात लिहिलं होतं: प्रत्यक्ष दाखवणार. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललं नाही. त्यानंतर आठ महिने राहून त्यांनी गावातल्या बायकांकडून बरंच काही शिकून घेतलं. गाठ मात्र त्यात नव्हती.

समोरचे आता निवृत्तीला आले आहेत. वहिनींनी ती चादर धुऊन दिवाणावर घातली, तर ते तिच्यावरच बसून पेपर वाचतात. परवा त्यांच्या ऑफिसातला एक जण सही घ्यायला घरी आला होता, तेव्हा मी तिथे होतो. यादीत पाच कागद मागितले होते. समोरच्यांनी पाच मोजले, पाच लावले, टाचणी मारली. मी "मागितलं तर?"ची वाट बघत होतो, त्यांनी फाइल बंद करून त्याच्या हातात दिली.

तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तो नकाशा जोडला नसता, तर? तुम्ही हिशोब केला असणार."

मी केला होता. बाबा गेले त्याच दिवशी केला होता आणि बाई आल्यावर तपासून पाहिला होता. चौऱ्याहत्तरातून एकोणीस गेले की पंचावन्न. पंचावन्न दिवस बाई बाबांच्या ओट्यावर बसल्या असत्या, आणि एक गाठ शिकायला तेवढे पुष्कळ होतात. बाण माझ्या हातचा होता, हेही मी हिशोबात धरलं होतं.

"असं सांगता येत नाही," मी म्हणालो. "शंका कशावरूनही आली असती."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. फोटो बरोबर आहे का ते बघावं तसे. "तुम्ही, आणि सांगता येत नाही," एवढं म्हणाले आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बेल वाजवली. माझ्या हातात साखरेची वाटी होती, आणि तोंडात उत्तर तयार होतं. त्यांनी दार पहिल्याच वेळी पूर्ण उघडलं, बाजूला झाले आणि म्हणाले, "या."