बॉनेटवरचा ढग

वॅक्स लावून झालं की ते वाळायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत वर्कशॉपमधली बाकीची माणसं चहा पितात, पाठ टेकतात, फोन उघडतात. मावशींना ते जमत नाही. त्या गाडीभोवती फिरत राहतात. एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून. मध्येच थांबतात, दाराच्या कडेवर बोट फिरवतात, ते अंगठ्यावर चोळून बघतात आणि पुन्हा चालू लागतात.

"मावशी, गाडी पळून नाही जाणार," पलीकडून रंगारी म्हणाला.

"गाडीचा भरवसा आहे रे. तुझ्या रंगाचा नाही. त्या मागच्या दारावर बघ, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत केलायस."

"सकाळी सकाळी गरिबाच्या पोटावर पाय?"

"अकरा वाजले. तुझी सकाळ संपते तरी कधी?"

तो हसला. मावशी हसल्या नाहीत. आज त्यांच्यासमोर काळी गाडी होती.

काळ्या रंगात काही लपत नाही. पांढऱ्या गाडीवर वॅक्सचा पातळ थर राहून गेला तरी गिऱ्हाइकाला महिनाभर पत्ता लागत नाही. काळीवर तो उन्हात गेल्या गेल्या उठून दिसतो, कोणीतरी काचेवर उसासा टाकून निघून गेल्यासारखा. गेल्या पंधरवड्यात मावशींनी पुसलेल्या दोन गाड्या परत आल्या होत्या. एक गिऱ्हाईक म्हणालं, "ढगाळ राहिलंय." दुसरं काही बोललंच नाही, नुसतं बोट दाखवलं. ते जास्त लागलं.

काल मालकाने त्यांना आत बोलावलं होतं. मालक तिशीतला. त्याला शाळेच्या गणवेशात दप्तर फरफटत येताना मावशींनी पाहिलेलं, त्यामुळे तो कितीही मालक झाला तरी त्यांच्या तोंडी 'अरे'च. त्याने टेबलाखालचं खोकं पायाने पुढे सरकवलं. आत पुसायचं यंत्र होतं, वर मायक्रोफायबरची गोल टोपी चढवायची, बटण दाबायचं.

"उद्याची काळी तुम्ही करा," तो यंत्राकडे बघत म्हणाला. "नीट गेली तर विषयच संपला. नाही गेली तर शेवटचा हात याचा. तुम्ही आतलं बघा. सीटा, पायपुसणी."

आतलं. तो शब्द मावशी घरी घेऊन गेल्या आणि सकाळी तसाच परत घेऊन आल्या.

बावीस वर्षं त्या बाहेरचं करत आल्या होत्या. त्याआधी त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होत्या. तो बंद पडला तेव्हा याच मालकाच्या वडिलांकडे, मोठ्या मालकांकडे, फडकी धुवायला लागल्या. वाळलेली फडकी त्या ज्या तऱ्हेने घडी करत होत्या ते बघून मोठे मालक म्हणाले होते, "बाई, हात चांगला आहे तुमचा. उद्यापासून गाडीला लावा." काम त्यांनीच शिकवलं. फडक्याची दोनदा घडी घालायची म्हणजे आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक भरली की उलटायची, आठही भरल्या की फडकं बाजूला. पहिल्या फडक्याने वॅक्स उचलायचं, दुसऱ्याने चमक काढायची. कोपऱ्यावरचं लेबल आधी कापायचं, नाहीतर तेच रंगावर रेघ ओढतं. आणि दाबायचं नाही. "फडकं काम करतंय," मोठे मालक म्हणत, "तुम्ही फक्त त्याला सोबत करा."

वीस मिनिटं झाली. मावशींनी बॉनेटच्या कोपऱ्यावर बोट ओढलं. बोटामागे स्वच्छ काळी रेघ उमटली, म्हणजे वाळलं होतं. त्यांनी घडी घातली आणि सुरुवात केली. हात सवयीने चालू लागला, सरळ रेषेत, पुढे आणि मागे. वॅक्सची साय निघत होती. अर्धं बॉनेट झालं. फडकं उलटलं. मग दुसरं घेतलं.

ढग होता. त्यांनी पुन्हा पुसलं. ढग सरकला, गेला नाही. छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटमध्ये पडलं होतं आणि त्याच्या कडा विसकटलेल्या होत्या, लोकरीसारख्या. तिसरं फडकं.

महिनाभरापासून ढग फक्त गाड्यांवर नव्हता. घरातल्या दिव्याभोवती होता. समोरून येणाऱ्या बसच्या दिव्यांभोवती होता. न्हाणीघरातला आरसा त्यांनी एका आठवड्यात इतक्या वेळा पुसला की नवरा म्हणाला, "अगं, झिजेल तो. मग मी दाढी कशात बघून करू?" त्यांनी त्याचा चष्मा पुसला, खिडक्या पुसल्या, पाण्याचे पेले पुसले. जे हाताला लागेल ते पुसत सुटल्या. डोळ्यांबद्दल कुणापाशी एक शब्द काढला नाही. काढला असता तर पुसण्यासारखं काही उरलं नसतं.

आता प्रश्न एवढाच होता की हा ढग गाडीवर आहे की त्यांच्यात. मालक आतून काचेपलीकडून बघत होता. गिऱ्हाईक चारला येणार होतं.

मावशींनी खिशातून पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि हातात घातली. उघड्या बोटाला जे कळत नाही ते प्लॅस्टिकमधून कळतं, कण, चिकटा, राहिलेला थर. डोळे मिटून त्यांनी हात बॉनेटवरून नेला. हात अडखळला. घसरायला हवा होता तिथे तो रेंगाळत होता, चिकट जमिनीवर चप्पल रेंगाळते तसा.

म्हणजे थर होता. खराच होता. मावशींना एकदम इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे डावा हातही फिरवून बघितला.

मग पुसून जात का नाही? त्यांनी फडकं नाकाशी नेलं. वास आला. फुलांचा, गोड, लग्नाच्या हॉलसारखा.

त्यांनी घरी फोन लावला. नवरा छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातलं धुणं त्याने स्वतःकडे घेतलं होतं. रिकामं बसणं त्यालाही जमत नव्हतं. वर्कशॉपची फडकी मावशी रोज घरी आणत, ती तोच धूत असे.

"अहो, फडक्यांना काय घातलंत?"

"कळलं का?" त्याचा आवाज खुलला. "मऊ करायचं औषध आणलंय, पंधरा दिवस झाले. शेवटच्या पाण्यात एक झाकण. शेजारच्या वहिनी वापरतात. किती मऊ झालीत बघ."

"झालीत. लोण्यासारखी झालीत. आता ती काही उचलत नाहीत, नुसतं सारवतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या औषधाचा लेप बसलाय धाग्यांवर. धाग्याला पकड असते म्हणून तर वॅक्स निघतं. दोन गाड्या परत आल्या आमच्या."

मग तो म्हणाला, "तुझे हात खरखरीत झालेत, म्हणून आणलं होतं गं."

"ठेवते," मावशी म्हणाल्या.

त्यांनी बारा फडकी गरम पाण्यात टाकली, वर थोडा व्हिनेगर. पाण्यावर साबणासारखा तवंग आला. ते ओतून दिलं, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा ओतलं. वास जाईपर्यंत चार पाणी झाली. मग ती पिळून दोरीवर टाकली आणि हवेची नळी एकेकावर धरून उभ्या राहिल्या. मालक दोनदा दारापर्यंत येऊन गेला.

"मावशी, अडीच वाजले."

"माहितीये."

"यंत्र काढू का?"

"अरे, तू आत जा बघू."

तीनला सुरुवात केली. आधी पाण्याचा बारीक फवारा, मग फडकं. आता ते धरत होतं. हाताला ती ओळखीची ओढ लागली, कापडाने रंगाला किंचित पकडून सोडावं तशी. बॉनेट, टप, दारं, डिकी. प्रत्येक भाग झाला की पिशवी घालून हात फिरवायचा. हात कुठेच थांबेना, सगळीकडे घसरत गेला. पावणेचारला त्या मागे सरकल्या आणि वर पाहिलं.

छतावरच्या खऱ्या ट्यूबलाइटच्या कडाही तशाच विसकटलेल्या होत्या.

मालक बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून तिरक्या उजेडात दार बघितलं. "मावशी, आरसा आहे हा! बाबा असते तर..." तो थांबला. "जाऊ दे. यंत्राला मी धूळ खायला ठेवतो."

रंगारी लांबूनच ओरडला, "मावशी, त्यात बघून जरा केस विंचरू का?"

एवढंच हवं होतं. काल हा शब्द ऐकायला त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. नुसतं गप्प राहायचं होतं. हात बरोबर होता. हाताच्या भरवशावर आणखी किती गाड्या निघाल्या असत्या, कुणाला कळलंही नसतं.

"पायाखाली फडकं पडलंय तुमच्या," मालक म्हणाला.

मावशींनी खाली बघितलं. करड्या फरशीवर करडं फडकं. त्या त्यावर उभ्या होत्या. कधी पडलं, दिसलंच नव्हतं. पडलेलं फडकं गाडीला लावत नाहीत. जमिनीवरचा एक खडा त्यात अडकला तर दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा जातो, आणि तो कुठल्याही पाण्याने धुतला जात नाही. ते पडलं हे त्यांना कळलं नव्हतं. उचलून पुसायला घेतलं असतं, तरी कळलं नसतं.

त्या फडकं उचलायला वाकल्या नाहीत.

"गाडी खरंच स्वच्छ आहे?"

"म्हणजे काय! बघा ना."

"बघतेय. मला नाही दिसत तशी."

मालक हसायला लागला आणि अर्ध्यात थांबला. "मग पुसलीत कशी?"

"हाताने. दिवा मला फुटलेला दिसतो. महिना झाला." त्या घाईने बोलत होत्या, कुणीतरी मध्येच अडवेल म्हणून. "परत आल्या त्या गाड्या फडक्यांमुळे, ते वेगळं. पण हे आहे. उद्या मला सुट्टी हवी."

मालक गाडीकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे.

"डॉक्टर काय सांगतो ते कळेपर्यंत यंत्र काढ," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही सांगताय?"

"मी सांगतेय. आणि टोपी कोरी आहे, आधी धू. साध्या पाण्यात. वर उगाच जोर देऊ नकोस, कडेला रंग पातळ असतो."

गिऱ्हाईक आलं, गाडी घेऊन गेलं. मावशी फाटकाशी आल्या, चालता चालता फोन लावला.

"अहो, उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही सोबत चला."

"कुणाच्या डोळ्यांचं?"

"माझ्या."

"कधीपासून?"

"महिनाभर."

"महिनाभर मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मावशी रस्त्याच्या कडेला थांबल्या, पुन्हा चालू लागल्या.

"किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.

"नऊला." मग म्हणाल्या, "नाही, आठला. गर्दी असेल." चार पावलं गेल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "सातलाच निघू. दार उघडायच्या आधी पोचलेलं बरं."