मुंगीचं दार

कामाच्या ठिकाणी तिला सगळे मुंगी म्हणत. अंगानं बारीक म्हणून नव्हे, चांगली भरल्या अंगाची बाई ती. पण उभा जन्म मुंगीएवढी चित्रं काढण्यात गेला. मोबाईलवर, यंत्रांवर त्या बारक्या खुणा असतात ना, घंटा, कुलूप, बॅटरी, आणि शेजारी एखाददुसरा शब्द? त्या कुणीतरी मान मोडून काढलेल्या असतात, हे आपल्या गावीही नसतं. त्या ही काढायची. आणि चावायचीही मुंगीसारखीच. राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

तर तिच्या कंपनीकडे बसच्या स्क्रीनचं काम आलं. ड्रायव्हरच्या चाकाशेजारी तळहाताएवढा पडदा, त्यावर बसची सगळी खबरबात. त्यात एक चित्र मागच्या दाराचं, उघडं की बंद ते सांगणारं. मुंगीचा नवरा बसवरच ड्रायव्हर. त्याच्या एका सोबत्यानं मागं एकदा दार उघडं असताना बस हलवली, आणि उतरणारी बाई रस्त्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं तिचं. तो सोबती अजून धड जेवत नाही. म्हणून हे चित्र मुंगीला इतर चित्रांसारखं नव्हतं. आपल्या माणसाच्या हातून असलं काही होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात.

आणि नेमकी त्याच चित्रावर साहेबाची वक्रदृष्टी! साहेब तरुण, बोलायला साखर. कंपनीचा लोगो वर ऐसपैस बसावा म्हणून त्यानं खालची सगळी चित्रं दाबून आणखी लहान केली, अक्षरं फिकट करडी केली. डोळ्यांना शांत वाटतं म्हणे.

मीटिंगमध्ये तो पडदा भिंतभर करून दाखवला. ही त्या सगळ्यांची जुनी खोड. जे हातभर अंतरावरून कळायला हवं, ते भिंतीवर हत्तीएवढं करायचं आणि माना डोलवायच्या.

"भिंत बसमध्ये बसवणार आहात का?" मुंगी कडाडली.

"मॅडम, चिडताय कशाला? लहान केलंय, काढून नाही टाकलं."

"लहान व्हायला ते काय धुतलेलं स्वेटर आहे? पडदा ठिपक्यांचा असतो. रेघ दोन ठिपक्यांच्या मधे पडली की तिचा चिखल होतो. लहान चित्र मुळापासून वेगळं काढावं लागतं. तुम्हाला काय हे मी सांगायला हवं?"

"ठाऊक आहे हो मला. पण लोगो मालकांना हवाय."

"मग मालक दारातून पडले की कळवा."

कुणीतरी फस्सकन हसलं. साहेबाची साखर जरा विरघळली. "उद्या शेवटची मीटिंग आहे. तुमचं काय ते घेऊन या," म्हणाला.

नमुन्याचा पडदा पर्समध्ये कोंबून ती घरी आली. दार आपटलं, कपाट आपटलं, पातेलं आपटलं.

"घरातली दारं मोडून बसमधलं दार दिसणार आहे होय गं?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"तुम्ही बोलू नका, आई. अहो, इकडे या! बसा खुर्चीत."

नवरा निमूट बसला. हातात चाक म्हणून ताट दिलं. पडदा फळीवर, चाकाशेजारी असतो तेवढ्याच लांब ठेवला. "समोर खिडकीकडे बघायचं. मी म्हटलं की तिरका डोळा टाकायचा आणि सांगायचं."

आधी साहेबाचं चित्र लावलं. "काहीतरी डाग आहे," नवरा म्हणाला. मुंगीला कोण आनंद! मग तिनं स्वतःचं लावलं, बिजागरी, मूठ, सगळं नीट असलेलं.

"हं. दार आहे."

"उघडं की बंद?"

"ते नाही कळत बुवा."

"नीट बघा!"

"नीट बघायला लागलो तर समोरच्याला उडवीन की."

"डोळे तपासून घ्या तुमचे!"

"डोळे तपासल्याशिवाय बस देत नाहीत मला. तुझं चित्र तपास."

झालं. ताट हिसकावून घेतलं तिनं. तशीच जेवायला बसली. नवऱ्याचा राग, साहेबाचा राग, आणि घास गिळता गिळता तिसराच राग वर आला, तो तिचा तिच्यावरच. भिंतीला नावं ठेवणारी ती, स्वतः काय करत होती? चित्र मोठं करून, नाक पडद्याला लावून मूठ कोरत बसली होती. कुठल्या ड्रायव्हरला दाराची मूठ बघायची असते!

सकाळी घरातून निघण्याआधीच तिनं मूठ उडवली, बिजागरी उडवली. मग बंद दारच उडवलं. दार बंद असताना सांगायचंय काय? तिथं काळोख राहू दे. उघडलं की मात्र बसच्या अंगातून बाहेर फाकलेली एकच जाड पिवळी फळी. आणि शेजारी 'मागे उघडं', ठसठशीत. नवऱ्याला पुन्हा ताट दिलं.

"उघडं," तो लगेच म्हणाला. मग, "आता बंद."

"आधी सांगता येत नव्हतं असं?" ती खेकसली.

मीटिंगला ती सगळ्यांच्या आधी गेली, भिंतीवरच्या पडद्याची वायर उपटली आणि पर्समध्ये घातली. छोटा पडदा टेबलाच्या टोकाला मांडला.

"मॅडम, वायर द्या. पोरखेळ झाला हा."

"देते. आधी खिडकीकडे बघा. आता तिरकं बघून सांगा, मागचं दार कसं आहे?"

साहेबाच्या चित्रावर निम्मे उघडं म्हणाले, निम्मे बंद. मग तिनं आपलं लावलं. सगळ्यांच्या तोंडून एकच उत्तर आलं.

"आणि लोगो?" साहेब खालच्या आवाजात म्हणाला.

"बस सुरू होताना पडदाभर दाखवा, हवी तेवढी आरती ओवाळा. चालताना नाही."

साहेबानं ते मान्य केलं, पण पुढचं मोठं काम दुसऱ्याला दिलं. त्याचा तिनं घरी येऊन पातेल्यावर यथेच्छ समाचार घेतला.

पडदे बसले तेव्हा ती नवऱ्याच्या बसमध्ये मुद्दाम पुढं बसली. एका थांब्यावर नवऱ्याचा पाय उचलला, तिरकी नजर गेली, आणि पाय परत ब्रेकवर. मागं एक आजोबा पायरीवर उभे राहून पिशवी सोडवत होते. ते उतरले, पिवळी फळी विझली, बस निघाली. मुंगीनं डोळे पुसले, कुणी बघत नाही असं बघून.

"दार झकास दिसतं हं," नवरा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "पण ती वरची घंटा? बेडूक वाटतो मला."

"बेडूक? तुम्ही घरी चला. ताट काढते!"