तळ्याकडे पाठ केलेली घरं

तिला सगळे चिमणी म्हणत. लहानपणी ती बोलायला लागली तीच तुकड्यातुकड्यांनी, दाणे टिपावेत तशी एकेक अक्षर टिपत. म्हणून थोरल्या बहिणीनं नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे अडखळणंही सुटलं नाही. शाळेत तोंडी परीक्षेला ती उत्तर येत असूनही गप्प उभी राहायची. मोठेपणी तिनं काम शोधलं तेही असं, की हात चालले म्हणजे भागलं: पडद्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत, शिलाई मशीनवर. गिऱ्हाइकाच्या घरी मापं घ्यायला जायचं झालं तर बोलायचं काम मालक करायचा आणि ती टेप घेऊन स्टुलावर चढायची. त्यात गंमत अशी, की तिची जीभ सगळ्यात जास्त अडायची ती 'ख'वर. खिडक्यांवर पोट असलेल्या बाईला खिडकी म्हणता येत नव्हतं. ती 'काच' म्हणायची, 'उजेडाची बाजू' म्हणायची आणि वेळ मारून न्यायची.

नवरा मात्र बोलका. मोटार शिकवायच्या शाळेत मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून जन्म गेला, त्यामुळे समोरच्यानं चूक करायच्या आत ब्रेक दाबायची सवय अंगात मुरलेली. बायको अडखळली की तो तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. मायेनंच करायचा. निम्म्या वेळा बरोबरही असायचं. उरलेल्या वेळी ती मान डोलावून सोडून द्यायची, कारण दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

एका रविवारी दोघं तळ्याकाठच्या बागेत गेली. बस तिथपर्यंत जाते आणि तिथूनच वळते. बागेच्या टोकाला लोखंड गाळणाऱ्यांचं जुनं गाव जसंच्या तसं जपून ठेवलंय. दगडी भट्टी, भाता हलवणारं पाण्याचं मोठं चाक, कामगारांच्या घरांची रांग, आणि या सगळ्यांच्या वर एकेकाळी धूर ओकणारं उंच धुराडं.

"आणि ही आपली चिमणी," गाईड म्हणाली. बसक्या आवाजाची, उन्हानं रापलेली तरुण मुलगी होती. "वय झालंय, पण अजून ताठ उभी आहे."

नवऱ्याला हसू आवरेना. तिनं त्याला कोपरानं ढोसलं, पण हसू तिलाही आलंच.

घरं आतून बघता येत होती. पुढे चुलीची खोली, मागे झोपायची. लोखंडी पलंग, पाळणा, भिंतीला टांगलेला कंदील. लोक भांडीकुंडी बघत होते. तिची नजर सवयीनं भिंतींकडे गेली. पुढच्या भिंतीला दाराशेजारी एक खिडकी, गल्लीकडे उघडणारी. मागची भिंत चुना फासलेली, कोरी. दुसऱ्या घरातही तेच, तिसऱ्यातही तेच. आणि त्या कोऱ्या भिंतीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, एवढं मोठं तळं पसरलेलं. असं पाणी दिसावं म्हणून लोक काय वाटेल ते करतात. तिनं अख्खी भिंत काचेची असलेल्या घरांचे पडदे शिवले होते.

"कुणाला काही विचारायचंय?" गाईडनं शेवटी विचारलं.

चिमणीचा हात वर गेला. कसा गेला ते तिलाही कळलं नाही. सगळे तिच्याकडे वळले.

"ख... ख... ख..."

"खायला कुठं मिळेल, असं विचारतेय ती," नवरा म्हणाला.

लोक मनमोकळं हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, भूक सगळ्यांनाच लागली होती. गाईडनं उपाहारगृहाचा रस्ता दाखवला आणि सगळी मंडळी तिकडे निघाली. नवऱ्यानं रांगेत उभं राहून तिच्यासाठी चहा आणि सँडविच आणलं. तिनं हात लावला नाही.

"आता काय झालं? तूच तर म्हणालीस."

"मी नाही म्हणाले."

बस सुटली तशी ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मी परत येणार आहे. ए... एकटी."

"एकटी कशाला? काय विचारायचंय ते मला सांग, मी विचारतो."

"नाही." हा शब्द तिला कधीच अडत नसे. फक्त वापरायची वेळ फारशी यायची नाही.

सुट्टीच्या दिवशी ती गेली, तर बाग उघडी आणि गाव बंद. भट्टीची डागडुजी चालली होती. रखवालदारानं हात हलवून परत जायला सांगितलं. दुसरी कुणी असती तर चरफडत बस धरून गेली असती. चिमणी कुंपणाच्या कडेकडेनं चालत तळ्याच्या बाजूला गेली आणि तिथून तिनं घरांच्या पाठी बघितल्या. बघते तर त्या भिंती साफ कोऱ्या नव्हत्या. दगडी भिंतीत मधे मधे विटांचे चौकोन होते. तिनं आयुष्यभर खिडक्याच मापल्या होत्या. हे काय आहे ते तिला सांगावं लागलं नाही. प्रश्न सुटला नाही, उलट वाढला.

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा हजर. या खेपेला निवृत्त मंडळींचा घोळका होता आणि गाईड तीच. फेरी संपली. "कुणाला काही विचारायचंय?"

चिमणीनं हात वर केला. 'काच' म्हणता आलं असतं. 'उजेडाची बाजू' जिभेवर येऊन बसली होती. पण आज पळवाट काढायची नाही, असं ती घरून ठरवूनच निघाली होती.

"या घरांना म... मागे ख... ख..."

"खोल्या?" एक आजोबा म्हणाले.

"खंदक असेल," त्यांच्या बायकोनं सुचवलं.

"खर्च. घर बांधायला किती खर्च आला, असं म्हणताहेत."

सगळे जण आपापल्या परीनं मदत करत होते. चिमणीनं हाताचा पंजा पुढे धरला.

"थांबा," ती म्हणाली. "मी बोलतेय."

कुणीतरी घसा खाकरला. तिनं श्वास घेतला, पुन्हा अडली, पुन्हा घेतला. गाईड तिच्याकडे बघत उभी राहिली. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही की तोंडात शब्द घातला नाही.

"ख... खिडक्या. मागे ख... खिडक्या होत्या. त्या कुणी बुजवल्या? का?"

"राहणाऱ्यांनीच बुजवल्या, काकू," गाईड म्हणाली. तिच्या बसक्या आवाजात एकदम जीव आला. "आज दिसतंय तसं तळं तेव्हा नव्हतं. भट्टीची राख, लोखंडाची मळी, सगळी घाण त्यात ओतायचे. वासानं घरात बसवत नसे. बायकांनी भट्टीवाल्यांच्या मागे लागून विटा मिळवल्या आणि खिडक्या स्वतःच बंद केल्या. चला, दाखवते. एरवी आम्ही तिकडे नेत नाही."

सगळा घोळका चिमणीच्या मागोमाग घरांच्या मागे गेला. तिनं एका चौकोनावर हात ठेवला. विटा उन्हानं तापल्या होत्या. सांधे ओबडधोबड होते. ते गवंड्याचं काम नव्हतं. घरात उजेड येतो तो आपल्या हातानं बंद करायचा, म्हणजे त्या घरातल्या बाईच्या जिवाला किती त्रास झाला असेल, असं तिच्या मनात आलं. तिनं आणखी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. अडखळत विचारले. कुणी मधे बोललं नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. वेळ लागला. दोनदा त्याचं तोंड उघडलं आणि दोनदा त्यानं ते मिटलं.

"म्हणजे तू त्या दिवशी हे विचारत होतीस," तो म्हणाला, "आणि मी सगळ्या लोकांना जेवायला पाठवलं."

"हो."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठं?"

मग त्यानं विचारलं, त्या विटा कुठल्या बाजूला आहेत, आणि तिचं सांगून होईपर्यंत ऐकत बसला.

तिचं अडखळणं काही गेलेलं नाही. पण दुकानातला फोन वाजला की आता ती मशीन थांबवून उठते. मालक पहिल्यांदा धावत आला होता. तिनं त्याला हातानंच बसायला सांगितलं आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "जरा थांबा, मला व... वेळ लागतो. हं, कुठल्या ख... खोलीचे पडदे म्हणालात?"