धुतलेली पऱ्हाटी

अभिमन स्वीडनला शिकायला गेला तेव्हा चोपडा तालुक्यातल्या त्याच्या गावात थोडं हसूच झालं होतं. पोरगं इंजिनिअर झालं, सरकारनं शिष्यवृत्ती देऊन परदेशात धाडलं, आणि तिथं जाऊन शिकणार काय, तर पऱ्हाटी जाळायला! कापूस वेचून झाला की शेतात जी वाळली झाडं उरतात, ती पऱ्हाटी. ती तर इथं घरोघरी चुलीत जाते. त्याचा बाप भुरा मात्र चिडायचा नाही. आपण तिच्यावर भाकरी भाजतो, माझा पोरगा तिची वीज करील, असं सांगायचा. कशी करील हे त्याला कुठं ठाऊक होतं? पण सांगायचा अशा थाटात, की दीपनगरचं वीजघर जणू यानंच बांधून दिलंय.

सातपुड्याच्या पायथ्याचं हे भिल्ल कुटुंब. पावसावरची तीन एकर जमीन, उन्हाळ्यात मोहफुलं नि डिंक, एरवी मजुरी. अभिमन जळगावला वसतिगृहात राहून शिकला, सुट्टीत केळीचे घड वाहिले. परदेशातला दोन वर्षांचा अभ्यासक्रम जूनमध्ये संपायचा होता आणि सगळं घर त्या जूनकडे डोळे लावून बसलं होतं, कारण भुराचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, चार पावलांत दम लागायचा. वर्ष निघालं तर नशीब समजा, असं डॉक्टरांनी दिवालीबाईला, म्हणजे अभिमनच्या आईला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिनं ते अभिमनला कळवलं, भुराला नाही. भुरा प्रत्येक फोनवर एकच विचारायचा, "जूनमा येशी ना?"

प्रबंधासाठी अभिमनला गावची पऱ्हाटी हवी होती. बहिणीनं, ज्योत्स्नानं, कागदपत्रांसाठी खेटे घालून एक खोकं पाठवलं. प्रयोगशाळेत ती जाळली आणि आकडे इतके चांगले आले की प्राध्यापक बाईंनी दोनदा तपासून पाहिले. पऱ्हाटीची राख एरवी भट्टीत वितळून चिकटते, मग भट्टी बंद ठेवून खरवडत बसावं लागतं. ही राख मुळात कमी, आणि चिकटतही नव्हती. नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं हे आकडे मागवून घेतले, पऱ्हाटीवर चालणारी मोठी भट्टी घ्यायचं ठरवलं. अभिमनच्या पाठीवर सगळ्यांनी थाप मारली.

मे महिना उजाडला. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. आपल्या पऱ्हाटीनं इथल्या लोकांना गार केलं, असं त्यानं आईला फोनवर सहज सांगितलं. दिवालीबाई खूश झाली.

"करीच," ती म्हणाली. "मी ती तीनदाव धुई काढी. मयेल वस्तू परदेशमा कोनी धाडस का?"

मग तिनं सगळं हौसेनं सांगितलं. किडकी, वाकडी काडी काढून टाकली. चांगली तेवढी नदीत दोन दिवस भिजत घातली, घासली, अंगणात वाळवली. भुरा खाटेवर बसून काठीनं शेळ्या हाकलत होता, एकीलाही तोंड लावू दिलं नाही.

आकडे इतके चांगले का आले, ते अभिमनला तिथल्या तिथं कळलं. पाण्यात भिजवली की पऱ्हाटीतलं पोटॅश निघून जातं, आणि राख चिकटते ती नेमकी त्यामुळंच. शेतातून ट्रॉल्या भरून येणारी पऱ्हाटी कोण धुणार आहे? ती मातीसकट येणार. म्हणजे त्याचे आकडे पाहुण्यापुढं मांडलेल्या ताटाचे होते, घरातल्या रोजच्या जेवणाचे नव्हते. चूक त्याचीच. जशी असेल तशी पाठवा, एवढं सांगायचं राहिलं. ज्या घरात परक्यासाठी न फुटलेला एकच कप जपून ठेवतात, त्या घरात वाढलेल्या पोराला हे कळायला नको होतं का?

दोन दिवस तो हिशेब करत राहिला. गप्प बसलं तर जूनमध्ये घर, बापाची भेट. सांगितलं तर नवी पऱ्हाटी, नवे प्रयोग, थेट डिसेंबर. त्याला गप्पच बसायचं होतं, अगदी मनापासून. पण नरडाण्याची ती भट्टी पहिल्याच महिन्यात गच्च झाली असती, आणि पुन्हा खानदेशातल्या पऱ्हाटीला कुणी हात लावला नसता. तिसऱ्या दिवशी त्यानं बाईंना खरं सांगितलं, कारखानदारालाही कळवलं. घरी मात्र सांगितलं, की मशीन बिघडलं. आईला खरं कळलं असतं तर तिनं जन्मभर स्वतःला खाल्लं असतं. हे फक्त ज्योत्स्नाला माहीत होतं. तिनं आईच्या नकळत मातीसकट दुसरं खोकं पाठवलं.

भुरा डिसेंबरपर्यंत थांबला नाही. सप्टेंबरच्या शेवटी गेला. अभिमनच्या तिकडच्या मुक्कामाचा वाढीव परवाना अजून हातात आला नव्हता, निघाला असता तर परतता आलं नसतं. ज्योत्स्नाच्या व्हिडिओ कॉलवर त्यानं बापाला उचलताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन उरलेली पऱ्हाटी जाळली. राख चिकटली, जशी चिकटायला हवी होती तशी. ती आपण हातानं खरवडली, हे तो पुढं कधी विसरला नाही.

जानेवारीत तो पदवी घेऊन आला. दिवालीबाई त्याला धरून रडली. मग डोळे पुसून, शेवटच्या आठवड्यात बाप दाराकडं तोंड करून कसा निजायचा ते सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचा राग उफाळला.

"मशीन बिघडनं नसतं तं भेट व्हती. ज्यानी ते बिघाडं, त्यानं कधी भलं व्हवाव नही."

ज्योत्स्ना झटकन उठून आत गेली. अभिमननं आईचे दोन्ही हात धरले.

"मीच बिघाडं, माय," तो म्हणाला.

दिवालीबाईनं घाबऱ्या घाबऱ्या त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, आणि म्हणाली, "मन्हं बोलनं मालेच लागो."