ओरेगानोचं बी आणि बाबांची चप्पल

गेल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वाआठ वाजता, माझ्या आईवर घोर अन्याय झाला. करणारी मी. (निषेधाचं पत्रक लगेच काढलं असतं, पण धिक्कार कुणाचा लिहायचा?)

ताई परदेशी नोकरीला गेली त्याला तिसरं वर्ष लागलं. तिनं गॅलरीत लावलेला ओरेगानो आईनं जिवापाड जपला, तरी या उन्हाळ्यात तो गेलाच. मागे राहिलं एका पुडीत चिमूटभर बी, अगदी धुळीसारखं. आई रोज पुडी उघडायची, हुंगायची, मिटायची. "ताई येईल तेव्हा कुंडी रिकामी नको गं," एवढंच म्हणायची.

आणि मी कोण? आमच्या शहरातल्या देवास गेट चौकात 'आधी बी जागवा, मग पेरा!' अशी पत्रकं वाटणारी कार्यकर्ती! पत्रकात पहिलाच नियम धण्यांचा: चपलेनं रगडा, दोन फाका करा, मग पेरा. आता धणे काय नि ओरेगानो काय, भेदभाव मला मान्य नाही. पुडी फरशीवर उपडी केली, बाबांची चप्पल घेतली आणि रगडलं.

फाका पडल्या नाहीत. बीच दिसेनासं झालं! सगळं चपलेच्या तळाला चिकटलेलं. ब्रश शोधून येते तो चप्पल गायब. ती घालून बाबा नदीवर, राम घाटावर आंघोळीला गेले होते!

स्कूटीनं घाट गाठला. पायऱ्यांपाशी चपलाच चपला! मी एकेक उलटी करून हुंगू लागले.

"दीदी, क्या सूंघ रही हो?" चपला सांभाळणारा ओरडला.

"ओरेगानो!"

"लो, अब चप्पल में भी पिज्जा!"

तेवढ्यात बाबा ओल्या पायांनी वर आले. "अगं, लोक बघतायत! घर चल, भई!"

घरी टूथब्रशनं तळ झाडला. अकराच कण निघाले; बाकीचे घाटावर नि वाटेत सांडले. ताईला फोन लावला.

"वेडे, हे बी रगडतात का? रात्रभर कोमट पाण्यात भिजव, मातीवर नुसतं भुरभुर. झाकू नकोस, त्याला उजेड लागतो." मग हळूच, "आई रागावली?"

रागावली असती तर बरं होतं! ताईनं सांगितलं तसे अकरा कण पेरले, तेव्हापासून आई नुसती कुंडीवर वाकायची, चष्मा पुसायची, पुन्हा वाकायची.

शेवटी एक कोंब आला. एकच. आई त्याच्याशी ताईचं नाव घेऊन बोलते. मी जवळ गेले की त्याच्यावर हात धरते.

एका कोंबानं कुंडी भरत नाही. म्हणून वाचकहो, त्या रविवारी तुम्ही राम घाटावर असाल, तर आपल्या चपलांचे तळ आत्ताच्या आत्ता तपासा! धुळीसारखं काही सापडलं, तर थेट आईच्या हातात नेऊन द्या. वाटेत मी भेटले, पत्रक दिलं, पाया पडले, तरी माझ्याकडे देऊ नका.