वेढा पडलाच नव्हता

बुलेटिन बोर्डवरच्या मंडळींनो, नवऱ्याच्याच कॉम्प्युटरवरून लिहितेय. वाचू दे त्यालाही.

एक्याऐंशी साली लग्न होऊन अमेरिकेत आले आणि परत जायचं म्हणून रडत बसले. तेव्हा यानं मला एका कॅथलिक मठात नेलं. बुरूज, तटबंदी, हुबेहूब आपला किल्ला! म्हणाला, "इथल्या साधूंनी दोन वर्षं वेढा सोसला, पण मठ सोडला नाही." मी चपला काढून पायरीला नमस्कार केला. तिथला खडा देव्हाऱ्यात ठेवला.

आज पाहुण्यांना तिथे नेऊन तीच गोष्ट सांगितली. फादर हसले. म्हणाले, वेढा कसला? तट नुसता शोभेचा, यात्रेकरूंना आवडतो.

नवरा म्हणतो, "तू थांबावीस म्हणून सांगितलं गं."

सात वर्षं मी त्या वेढ्याच्या जोरावर किल्ला लढवला. आई गेली तेव्हासुद्धा.

सांगा, हा खडा देव्हाऱ्यातच ठेवू, की आज त्याच्या भातात?