शिशाचा मणी

नात पुस्तकातलं पोटाच्या आतलं चित्र रंगवत होती. आतड्याच्या त्या वेटोळ्यांवर नजर गेली आणि ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवलेल्या सुती जाळ्याचा उग्र वास नाकात भरला.

शिडाच्या होड्यांचा काळ होता तो. काशीदला आमच्या ओटीवर आत्या हाताने फेकायच्या जाळ्याला शिशाचे मणी ओवत होती. हात मोकळे राहावेत म्हणून मणी गालात धरायची तिची सवय. तिचं पाहून मीही एक धरला, आणि ठसका लागून तो गिळला गेला. आता आपण मरणार, एवढंच मला कळलं. मी भोकाड पसरलं.

आत्या रागावली नाही. तिने टोपलीतला बोईट मासा घेऊन विळीवर त्याचं पोट चिरलं, आतडं हलकेच ओढलं आणि पाटावर लांबच लांब पसरलं.

"ही बघ वाट. तोंडातून शिरायचं, खालून निघायचं. मधी कुठं फाटा हाय?"

"न्हाय," मी हुंदके देत म्हटलं.

"मग तुजा मनी जाईल कुठं?"

माझं रडू थांबलं. मग तिने केळं कालवलेला भात मला भरवला. दुसऱ्या दिवशी मणी निघाला.

तेव्हा मी फक्त तिचा आवाज ऐकला होता. आज तिचे हात आठवले. एरवी एकही मणी न सांडणाऱ्या त्या हातांतून, भरवताना, प्रत्येक घासाची शितं माझ्या मांडीवर सांडत होती. आत्याने आयुष्यात पोट उघडून पाहिलं होतं, ते फक्त मासळीचं.